फुफ्फुसावरचा डाग टीबीचाच असेल असं नाही

एक्स-रेमध्ये फुफ्फुसावर डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो. टीबीचे रुग्ण इतके आहेत की तो अवाजवीही नाही. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना नुसत्या अंदाजाने औषधं सुरू होतात, दोन-तीन महिने जातात, वजन उतरतच राहतं आणि मग कळतं, हा कर्करोग आहे. तोवर तो पसरलेला असू शकतो. रेंगाळणारा खोकला, थुंकीतून रक्त, खंगत जाणं ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच, त्यामुळे निवाडा एक्स-रेवर सोडून चालत नाही. सीटी स्कॅन करून, दुर्बिणीतून किंवा सुईने गाठीचा तुकडा काढून तपासावाच लागतो.

त्या तुकड्यावरून प्रकार ठरतो. सुमारे 15 टक्के रुग्णांत ‘स्मॉल सेल’ कर्करोग निघतो. तो प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांना होतो आणि झपाट्याने पसरतो. शस्त्रक्रियेला क्वचितच वाव असतो. भिस्त केमोथेरपी, किरणोपचार आणि इम्युनोथेरपीवर, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला रोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांवर. बाकीचे ‘नॉन-स्मॉल सेल’. त्यातला अ‍ॅडिनोकार्सिनोमा विडी-सिगारेटला कधीच न शिवलेल्यांनाही गाठतो.

त्यांना तो का होतो? एकूण रुग्णांत धूम्रपान आजही सर्वांत मोठं कारण आहे. पण धूम्रपान न करणाऱ्यांसाठीही दुसऱ्याने सोडलेला धूर, अ‍ॅस्बेस्टॉस, जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू आहेतच. हवेतल्या प्रदूषणाबद्दल लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी 2023 मध्ये फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. निरोगी फुफ्फुसातही ईजीएफआर या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकात बिघाड असलेल्या थोड्या पेशी असू शकतात. एरवी त्या निपचित असतात. पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, आत गेले की प्रतिकारशक्तीच्या पेशी दाह वाढवणारं रसायन सोडतात आणि या निपचित पेशी वाढीला लागतात.

याच बिघाडावर नेमक्या काम करणाऱ्या जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिबसारख्या गोळ्या आहेत. पसरलेला रोग त्यांनी सहसा समूळ जात नाही, पण अनेकांचा तो बराच काळ आटोक्यात राहतो. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रियेने ती काढताही येते. या गोळ्या लागू पडतील का ते कळावं म्हणून अहवालात अ‍ॅडिनोकार्सिनोमा आला की जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्यात पुरेशा पेशी असतील तर त्यावरच ही तपासणी होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. दुसरं मत घ्यायला जाताना हा ‘ब्लॉक’ मागून नेता येतो.