इंग्रजी उपपदे : 'अ', 'ॲन' की 'द'?

बोलणारा कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला ओळखता येईल की नाही, हे नामाआधी सांगून ठेवणारे इंग्रजी शब्द म्हणजे उपपदे. 'द' हे निश्चित उपपद, तर 'अ' आणि 'ॲन' ही अनिश्चित. काहीच न लावणे हा तिसरा पर्याय, आणि मराठी माणसाच्या चुका बहुतेक या तिसऱ्याच्या हद्दीवर होतात.

'द' हा 'दॅट'च्या कुळातला, मूळचा दर्शक शब्द. 'ॲन' म्हणजे 'वन'चेच झिजलेले रूप, आणि व्यंजनापुढे त्याचा 'न' गळून 'अ' उरला. हे एवढे लक्षात ठेवले तरी कळते की 'अ'चा अर्थ अजूनही 'एक' असाच आहे. म्हणून अनेकवचनाला आणि न मोजता येणाऱ्या नामाला तो चालत नाही.

मराठीत उपपद नाही, पण हा भेद मराठीलाही चांगला माहीत आहे. 'टेबलावर पुस्तक आहे' यात पुस्तकाची खबर नवी आहे: 'देअर इज अ बुक ऑन द टेबल'. 'पुस्तक टेबलावर आहे' म्हटले की पुस्तक आधीच ओळखीचे आहे: 'द बुक इज ऑन द टेबल'. आपण शब्द हलवून जे सांगतो, ते इंग्रजी उपपदाने सांगते. विभक्तीही हेच काम करते. 'ते मुलीसाठी मुलगा शोधताहेत' म्हणजे अजून कोणी ठरलेला नाही, तिथे 'अ बॉय'. 'ते मुलाला शोधताहेत' म्हणजे ठरावीक मुलगा सापडत नाही, तिथे 'द बॉय'. आटपाट नगरात 'एक राजा' येतो आणि पुढच्याच वाक्यात तो नुसता 'राजा' होतो, तेही याच न्यायाने. वाक्य अडले तर आधी ते मराठीत म्हणून पाहावे, अर्धे उत्तर तिथेच मिळते.

निवड करताना प्रश्न याच क्रमाने विचारावेत. ऐकणाऱ्याला नेमके कोणते ते कळेल का? कळत असेल तर 'द', मग नाम एकवचनी असो, अनेकवचनी असो वा न मोजता येणारे. कळणार नसेल, तर ते मोजता येते का आणि एकच आहे का? दोन्हीला हो असेल तर 'अ' किंवा 'ॲन', नाहीतर काही नाही. मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम उघडे ठेवायचे नाही. त्याच्यापुढे उपपद, नाहीतर 'माय', 'धिस', 'एव्हरी' असे काहीतरी हवेच. 'बाय बस', 'ॲट नाइट' असे ठरीव प्रयोग तेवढे वेगळे. 'माझे वडील शिक्षक आहेत' याचे 'माय फादर इज टीचर' होते ते इथेच. बरोबर रूप 'अ टीचर'.

'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' हा शाळेतला नियम अर्धाच खरा आहे. 'वुई टुक अ टॅक्सी. द ड्रायव्हर वॉज फ्रॉम सातारा.' यात ड्रायव्हरचा उल्लेख पहिलाच आहे, पण टॅक्सी आली म्हणजे तिचा ड्रायव्हर आलाच. 'क्लोज द डोअर' याला तर आधीचे वाक्यही लागत नाही. उलट, कोणतेही पेन चालणार असेल तर तिसऱ्यांदा मागतानाही 'अ पेन'च.

'अ' की 'ॲन' हे स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर ठरते. 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन', पण 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-डे मॅच'. आद्याक्षरांनाही हाच नियम: 'ॲन एमएलए', 'ॲन एफआयआर', 'ॲन एचएससी रिझल्ट'. 'द'सुद्धा स्वराआधी 'दि' असा उच्चारतात, लिहिताना मात्र बदल नाही.

मोजण्याबाबत मराठीचा आधार धोक्याचा. आपण एक सल्ला देतो, दोन बातम्या ऐकतो, पण इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज' मोजता येत नाहीत. 'ॲन ॲडव्हाइस' चूक, 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' किंवा 'सम ॲडव्हाइस' बरोबर. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात नामापुढे सी (मोजता येणारे) किंवा यू (न मोजता येणारे) अशी खूण असते, ती पाहावी. भाववाचक नामाला सरसकट 'द' लावणे हीही नेहमीची चूक. 'लाइफ इज डिफिकल्ट' असेच म्हणायचे, पण कोणाचे ते सांगितले की 'द लाइफ ऑफ अ फार्मर'.

विशेषनामांत तर्क कमी, वहिवाट जास्त. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना 'द': 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द हिमालयाज'. एकट्या शिखराला आणि सरोवराला नाही: 'माउंट एव्हरेस्ट', 'लोणार लेक'. 'द गेटवे ऑफ इंडिया', पण 'मरीन ड्राइव्ह' आणि 'शिवाजी पार्क'. वहिवाट बदलतेही. 1991 मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर युक्रेनच्या नावाआधीचा 'द' हळूहळू गेला, कारण त्याने देश हा एखादा प्रदेश असल्यासारखा वाटे.

'गो टू स्कूल' म्हणजे शिकायला जाणे. पालक मुलाची चौकशी करायला गेले तर 'गो टू द स्कूल'. रुग्ण दाखल असेल तर ब्रिटिश 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकन 'इन द हॉस्पिटल'.

'फ्यू' आणि 'लिटल' यांच्यापुढचा 'अ' अर्थच पालटतो. 'ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे त्याला थोडेफार मित्र आहेत. 'अ' गाळला तर जवळजवळ कोणीच नाही.