सूत्रकृमीतील शॅपेरोन प्रथिने : पार्श्वभूमी

पेशीत प्रथिनाची साखळी तयार झाली, तरी योग्य घडी पडल्याशिवाय ती कामाची होत नाही. तोवर तिला भलत्या रेणूंना चिकटण्यापासून आवरून धरणाऱ्या प्रथिनांना रेण्वीय शॅपेरोन म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकांचा माग उष्णतेच्या वाटेने लागला. तापमान वाढल्यावर फळमाशीच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे येतात, हे इटलीतील फेरुच्चो रितोसा यांनी १९६२ मध्ये नोंदवले आणि अशा वेळी तयार होणारी प्रथिने आल्फ्रेड तिसिएर व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिली. साहजिकच, ही केवळ संकटकाळची व्यवस्था आहे असा समज रूढ झाला.

तो अपुरा असल्याचा एक पुरावा त्याच १९७४ साली, एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत, समोर आला होता. मात्र त्याचा अर्थ लागायला जवळपास तीन दशके जावी लागली. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हा कृमी आनुवंशिकीच्या अभ्यासासाठी निवडला होता. हेन्री एपस्टीन आणि निकोल थॉमसन यांनी त्याचा ‘अन्क-४५’ हा उत्परिवर्तित प्रकार वर्णिला. १५ अंश सेल्सिअसला वाढलेले हे कृमी बऱ्यापैकी सरपटत, पण २५ अंशांना वाढलेल्यांची हालचाल मंदावे, कारण स्नायूंतील तंतूंची रचनाच विस्कटलेली असे. हा बिघाड स्नायू घडत असतानाच होई. पूर्ण वाढलेल्या कृमीला नंतर उष्ण तापमानात ठेवल्याने तो तसा उद्भवत नसे, आणि माझ्या मते त्या प्रयोगातील सर्वांत बोलका भाग हाच आहे. या प्रकारात बिघडलेले जनुक ज्या प्रथिनाचे, ते मायोसिन या स्नायूतंतूंतील प्रथिनाचे शॅपेरोन असून एचएसपी-९० या दुसऱ्या शॅपेरोनचे साहाय्यकही आहे, हे २००२ मध्ये सिद्ध करणाऱ्या गटात एपस्टीन स्वतः होते.

तणावाची बाजूही पुढे वेगळीच निघाली. वीणा प्रल्हाद, रिचर्ड मोरिमोटो व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की उष्णता वाढल्यावर शरीरभरच्या पेशी शॅपेरोन बनवतात, ते तापमान जाणणाऱ्या एएफडी चेतापेशींच्या नियंत्रणाखाली. जॉन लॅबाडिया व मोरिमोटो यांना २०१५ मध्ये आढळले, की प्रजननक्षम होताच काही तासांत कृमीचा हा प्रतिसाद झपाट्याने ओसरतो. पुढच्याच वर्षी मोरिमोटो यांच्या गटाने अळी अवस्थेतील चित्र मांडले : उष्णतेला प्रतिसाद देणारा एचएसएफ-१ हाच जनुक-नियामक, उष्णता नसतानाही, ई२एफ या दुसऱ्या नियामक घटकाच्या साथीने वाढीसाठी लागणाऱ्या शॅपेरोनांची जनुके चालू करतो, आणि त्याचा हा कार्यक्रम उष्णतेच्या वेळच्या कार्यक्रमाहून निराळा असतो.