रक्त परत येतं तेव्हा

'स्टेंट टाकला, नळी मोकळी झाली, आता हृदय वाचलं!' हार्ट अटॅकनंतर नातेवाईक असं म्हणतात ते बरंचसं खरं असतं. नळी लवकर उघडणं हाच मुख्य उपाय. पण रक्त परत येतं त्या पहिल्या काही मिनिटांत हृदयाच्या स्नायूला वेगळीच इजा होते, आणि ती कशी होते हे समजल्यापासून मी त्या विषयाचा पिच्छा सोडलेला नाही.

रक्त थांबलं की पेशीत लॅक्टिक आम्ल साठतं. गंमत म्हणजे हेच आम्ल पेशीला सांभाळतं. तंतुकणिकेत, म्हणजे शाळेत शिकलेल्या 'पेशीच्या ऊर्जाकेंद्रात', उघडू शकणारं एक छिद्र असतं. आम्ल असेतो ते मिटलेलं राहतं. रक्त आलं की आम्ल धुऊन जातं, ऑक्सिजनपासून जहाल रेणू तयार होतात, कॅल्शियम आत भरतं आणि छिद्र उघडतं. आतल्या पटलाच्या दोन्ही बाजूंच्या प्रोटॉनांच्या फरकावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनत असतं. तो फरकच नाहीसा होतो. तंतुकणिका पाण्याने फुगून फुटते. उपासमारीत तगलेली पेशी घास मिळताच मरते!

हे छिद्र उघडायला सायक्लोफिलिन-डी नावाचं प्रथिन मदत करतं. त्याला पकडणारं औषध आधीपासूनच वापरात होतं: बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन. रोपण केलेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते देतात. २००८ साली ५८ रुग्णांच्या चाचणीत त्याने स्नायूची हानी कमी झालेली दिसली. २०१५ साली ९७० रुग्णांवर मात्र काहीच फायदा दिसला नाही. एक अडचण तर उघड आहे: नळी बंद असताना औषध तिथे पोचणार कसं? ते पोचतं रक्ताच्या पहिल्या लाटेबरोबरच, आणि छिद्रही तेव्हाच उघडू लागतं.

म्हणून छोट्या चाचणीवरून 'जुन्या गोळीचा चमत्कार' अशा बातम्या छापू नयेत. अ‍ॅस्पिरिन ही मूळची ताप-अंगदुखीची गोळी. हार्ट अटॅकमध्ये ती जीव वाचवते हे १९८८ साली १७,१८७ रुग्णांवर सिद्ध झालं. त्याच संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेवरून राशी पाडून पाहिल्या, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही असं दिसलं! राशीत काही नसतं. गट लहान केला की योगायोगही नियमासारखा दिसतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

गाउट या सांधेदुखीवरच्या कोल्चिसिन या जुन्या औषधाचा हृदयाबाबतचा निकाल अजून लागायचाय. २०१९ साली ४,७४५ रुग्णांत पुढचे हृदयविकार, पक्षाघात वगैरे ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. २०२४ साली ७,०६२ रुग्णांत फरकच पडला नाही.