खुराड्यात नर किती आहेत?

परसातल्या कोंबड्यांच्या कळपात दहा माद्यांमागे एक नर असला, तर अंड्यांना काही कमी पडत नाही. वैविध्याला मात्र पडतं. प्रत्येक पिल्लाची निम्मी जनुकं बापाकडून येतात. बाप एकच, तर सगळी पिल्लं एकमेकांची निदान सावत्र भावंडं. पैदासशास्त्रात कळपाची 'परिणामी संख्या', म्हणजे वैविध्याच्या हिशेबाने कळप खरा किती पक्ष्यांचा, ते काढतात: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. १ नर आणि १० माद्या धरल्या, तर उत्तर येतं ३.६, आणि एकाच पिढीत अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) जवळपास १४ टक्क्यांनी वाढतं. माद्या ५० केल्या तरी आकडा ३.९ वरच अडतो. नर ५ आणि माद्या १० ठेवल्या, की तोच १३ च्या वर जातो.

अंतःप्रजननात एरवी दबून राहणारी घातक जनुकं जोडीने एकत्र येतात. फलित अंडी घटतात, गर्भ कवचातच मरतात. उबवणीच्या सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरावी; रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं नाही, तर त्यात वाढणारा गर्भ नाही. अर्थात आठवडाभराहून जुनी अंडी उबवायला ठेवली तरी पिल्लं कमी निघतात, म्हणून अंतःप्रजननाला दोष द्यायच्या आधी अंड्यांचं वय बघा.

संकर मुळात वाईट नाही. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचं जनुक आलं ते सह्याद्रीत आजही आरवणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून. अडचण होते ती वनराजा, गिरिराजासारख्या सुधारित पक्ष्यांची अंडी घरीच उबवली की. पहिल्या संकराचा जोम पुढच्या पिढीत साधारण निम्म्यावर येतो, आणि या माद्या सहसा खुडूकही (अंडी उबवायला) बसत नाहीत. त्यांचे नर गावरान माद्यांत सोडले, तर खुडूक बसण्याचा गुण हळूहळू गावातूनच जातो.

कडकनाथ या काळ्या कातडी-मांसाच्या जातीत फसगत रंगाने होते. २० व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झाल्याने हा काळेपणा येतो आणि त्याची एकच प्रत पुरते. मात्र लिंग-गुणसूत्रावरचं दुसरं एक जनुक तो दाबून टाकतं. त्यामुळे कडकनाथ नर आणि उजळ पायांची मादी यांच्या पिल्लांत तलंगा (तरुण माद्या) काळ्या निघतात, नर बरेच उजळ. म्हणजे काळी तलंग शुद्धच असेल असं नाही. दोन काळ्या पक्ष्यांच्या पोटी एक जरी उजळ कातडीचं पिल्लू निघालं, तर आईबाप दोघेही संकरित समजा.

वैविध्य टिकवायला तीन वाड्यांनी मिळून नर फिरवावेत. तलंगा आपल्याच घरी ठेवायच्या. पहिल्या वाडीचे तरुण नर दुसरीकडे, दुसरीचे तिसरीकडे, तिसरीचे पहिलीकडे, दरवर्षी याच क्रमाने. वाडीगणिक पायात वेगळ्या रंगाचं कडं घालावं, नाहीतर दोन वर्षांत कोण कुठला ते कळत नाही. आणि नवा नर थेट खुराड्यात सोडू नये. राणीखेत रोगाची लस झाली आहे ना, हे विचारून त्याला दोन-तीन आठवडे वेगळं डालावं. त्याचं पाण्याचं भांडंही वेगळंच असू द्यावं.