खाई-लगाई

क्रिकेटच्या सट्ट्यात भाव सांगण्याची व पैसे लावण्याची पद्धत. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत ती हिंदी नावानेच प्रचलित आहे. वरचढ संघावर पैसे लावणे ही ‘लगाई’, तर त्याच्याविरुद्ध लावणे ही ‘खाई’.

शब्दांच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार हे बुकींच्या बोलीतले अलीकडचे शब्द होत. दुसरे मत त्यांचे मूळ कापूस व सोन्याचांदीच्या ‘तेजी-मंदी’ व्यवहारात, म्हणजे भाव चढेल की उतरेल यावरच्या सौद्यांत शोधते. तिथे नजराणा (सौद्याच्या हक्कासाठीची आगाऊ रक्कम) देणारा तेजी किंवा मंदी ‘लावी’ व घेणारा ती ‘खाई’. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसाचे भाव भडकले आणि खानदेशचा कापूसपट्टा मुंबईच्या सट्ट्याशी जोडला गेला. अडत्या-दलालांची भाषा त्याच वाटेने जिनिंगच्या गावांत रुजली असावी. मालावरील तेजी-मंदीला 1952 च्या वायदा करार कायद्याने मनाई केली. क्रिकेटच्या भावांत हे शब्द बहुधा त्यानंतरच आले.

भाव ‘40-42’ असेल, तर लगाईत 100 रुपयांवर 40 मिळतात. खाईत 42 लावून 100. लगाई ना-नफा ना-तोटा राहण्यास संघ 71.4 टक्के वेळा जिंकावा लागतो, खाईसाठी 29.6 टक्के वेळा हरावा लागतो. बेरीज 101 भरते. वरचा एक टक्का बुकीचा, म्हणून केवळ अंदाजाने खेळणारा दीर्घकाळात तोट्यातच जातो. टिपा विकणाऱ्याची कमाई निकालावर अवलंबून नसते, हेही ध्यानात घ्यावे.

किती रक्कम लावावी याचे गणित अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन केली यांनी 1956 मध्ये मांडले. वरील ‘40-42’ भावात लगाई करताना संघ जिंकण्याची खरी शक्यता 75 टक्के असेल, तर भांडवलाचा आठवा हिस्सा, म्हणजे 8,000 पैकी 1,000 रुपये लावावे. ती 70 टक्के असेल, तर काहीच लावू नये असे उत्तर येते. अडचण अशी, की खरी शक्यता कोणालाच ठाऊक नसते. ती फुगवून धरली, की हेच सूत्र भांडवल बुडवते. म्हणून जाणकार सूत्राने आलेल्या रकमेचा निम्मा किंवा चौथा हिस्साच लावतात. हरल्यावर रक्कम दुप्पट करण्याची सवय याहून घातक: 100 पासून सुरुवात करून सलग सहा वेळा हरल्यास 6,300 रुपये जातात.

भारतीय करार कायद्याच्या (1872) कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जुन्या मुंबई इलाख्यात 1865 च्या कायद्याने पैजेला पूरक करारही रद्द ठरवले होते. त्यामुळे इथे पैजेसाठी दिलेली उसनवारी न्यायालयातून वसूल करणे कठीण. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली.