भूकंपांना खरेच ठरलेला फेरा असतो का? शूस्टरच्या कसोटीची पार्श्वभूमी

अमावास्या-पौर्णिमेला भूकंप जास्त होतात, हा समज जुनाच. टोकियोत काही वर्षे शिकवून परतलेले स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ कारगिल नॉट यांनी जपानमधल्या भूकंपांच्या नोंदी चंद्राच्या वेगवेगळ्या कालावधींशी ताडून पाहिल्या आणि १८९७ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वर्षी मँचेस्टरचे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शूस्टर यांनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. भूकंप निव्वळ योगायोगाने झाले, तरी या आकडेमोडीत थोडाफार चढउतार निघणारच. दिसलेला चढउतार त्याहून मोठा आहे का, एवढाच प्रश्न.

त्यांची कसोटी कागद-पेन्सिलीनेही करता येते. तपासायचा कालावधी, समजा एक वर्ष, म्हणजे ३६० अंशांचे वर्तुळ. प्रत्येक भूकंपाच्या तारखेचा कोन काढायचा आणि त्या दिशेला एक पाऊल टाकायचे. सगळी पावले संपल्यावर सुरुवातीपासून आपण किती लांब आलो ते मोजायचे. त्या अंतराच्या वर्गाला भूकंपांच्या संख्येने भागायचे. भागाकार १ आला, तर एवढे अंतर योगायोगाने पडण्याची शक्यता ३७ टक्के, ३ आला तर ५ टक्के, ४.६ आला तर १ टक्का. म्हणजे ४०० भूकंपांत २० पावलांचे अंतर काहीच सांगत नाही, ४३ पावलांचे मात्र दखल घेण्याजोगे.

पुढच्याच वर्षी शूस्टर यांनी हवामानातल्या कथित २६ दिवसांच्या आवर्तनाची तपासणी केली आणि त्यातून पिरिऑडोग्राम, म्हणजे कोणत्या कालावधीला किती चढउतार दिसतो ते दाखवणारा आलेख, रूढ झाला. एकेक कालावधी निवडण्याऐवजी सगळेच चाळून काढायची सोय झाली, आणि नवी गोची सुरू झाली. तीस वर्षांच्या नोंदीत एक दिवस ते एक वर्ष या टप्प्यात एकमेकांपासून वेगळे ओळखता येतील असे सुमारे ११ हजार कालावधी बसतात. १ टक्क्याची अट लावली, तरी शंभरावर खोटी आवर्तने पास होतात! भारतीय हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ मध्ये हाच मुद्दा मांडला: अनेकांतून निवडलेल्या सर्वांत मोठ्या शिखराला एकट्या शिखराची फूटपट्टी लावायची नाही.

याहून घातक म्हणजे पश्चात धक्के, मोठ्या भूकंपामागून त्याच भागात येत राहणारे धक्के. शूस्टरची कसोटी प्रत्येक भूकंप स्वतंत्र मानते, निसर्ग मानत नाही. कोयनेचा ६.३ रिश्टरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्यामागून आलेले धक्के तसेच यादीत ठेवले, तर वर्षाच्या वर्तुळावर ते सगळे डिसेंबर-जानेवारीच्या बाजूलाच पावले टाकतात आणि एका घटनेतून 'वार्षिक आवर्तन' उभे राहते. कोयनेत तर खरा हंगामी परिणामही आहे: पावसाळ्यात जलाशय भरला की धक्के वाढतात. त्यामुळे खरे-खोटे वेगळे करायला आधी मुख्य भूकंप ठेवून त्याचे पश्चात धक्के गाळावेच लागतात.

यादीतले दोषही आवर्तनासारखेच दिसतात. दिवसा वाहनांच्या आणि यंत्रांच्या कंपनांत बारीक धक्के बुडतात, रात्री नोंदले जातात. झाला २४ तासांचा फेरा. पावसाळ्यात समुद्राच्या लाटांमुळे पार्श्वकंपन वाढते, तेव्हा हेच वर्षाच्या मापाने घडते. उपाय एकच, बाराही महिने हमखास पकडले जातात त्या तीव्रतेच्या वरचेच भूकंप घ्यायचे. यादीतली वेळही पाहावी. जागतिक वेळेत कोयनेचा भूकंप १० डिसेंबरचा आहे, आणि एकाच यादीत भारतीय व जागतिक वेळेची साडेपाच तासांची सरमिसळ दैनिक आवर्तन फिकट करायला पुरते.

२००७ मध्ये नेपाळ हिमालयातल्या नोंदींत हिवाळ्यात भूकंप जास्त आणि पावसाळ्यात कमी असा कल प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये एडर आणि अवुआक या संशोधकांनी शूस्टरची जुनी कसोटी अनेक कालावधींवर चालवली. कालावधी जितका छोटा, तितकी अट कडक. हिमालयातला वार्षिक फेरा त्यातून तरला. भरती-ओहोटीच्या कालावधींना मात्र काही निघाले नाही.