कळांच्या वेळची एक मात्रा

बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप भरला की परळी काय नि परतूर काय, घरातल्या म्हाताऱ्यांचं निदान ठरलेलं: "वारं लागलं." मग कानाला फडकं आणि बाजेखाली शेगडी. हा ताप पुष्कळदा गर्भपिशवीतल्या जंतुसंसर्गाचा असतो. वार सुटून पडली की पिशवीच्या आत तेवढी जागा उघडी जखमच राहते आणि योनिमार्गातले जंतू तिथवर चढतात. तिथून रक्तात विष भिनलं की रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडं थकतात. डॉक्टर याला सेप्सिस म्हणतात.

जंतूंच्या आधी औषधच तिथं पोचलं तर? भारतासह 7 देशांत हे तपासून पाहिलं. आपल्याकडचं एक केंद्र नागपूरला होतं. नैसर्गिक बाळंतपणाच्या 29 हजारांहून अधिक बायकांपैकी निम्म्यांना कळा चालू असताना अझिथ्रोमायसिनची 2 ग्रॅमची एकच मात्रा दिली, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. 2023 साली निकाल आला. सेप्सिस किंवा मृत्यू, दोन्ही मिळून प्रमाण 2.4 टक्क्यांऐवजी 1.6 टक्के. फरक मुख्यतः सेप्सिसमध्ये पडला. बाळांना मात्र काही फायदा दिसला नाही.

अझिथ्रो म्हणजे घसा खवखवला की मेडिकलवरून आणतो तीच गोळी. ती जंतूंचं प्रथिनं बनवणं थांबवते आणि शरीराच्या पेशींत काही दिवस टिकून राहते, म्हणून एका मात्रेवर भागतं. पण ऊठसूट घेतली तर जंतू तिला दाद देईनासे होतात. घरी कुणी आपल्या मनानं द्यायची ही गोष्ट नाही.

सिझेरियनमध्ये तर अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच द्यायचं असतं. साध्या, बिनगुंतागुंतीच्या बाळंतपणानंतर हातात पडणारी पाच दिवसांची पाकिटं मला वरातीमागून घोडं वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2015 सालच्या सूचनांत अशा वेळी सरसकट अँटिबायोटिक नको म्हटलंय. वार हात घालून काढावी लागली किंवा गुदद्वारापर्यंत फाटलं, तर गोष्ट वेगळी.

बीडकडच्या ऊसतोड बायकांचं काय? फडावर ताप आला की तापाची गोळी घेऊन पुन्हा कोयता. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणं किंवा अंगावरून घाण वासाचं जाणं यातलं काहीही दिसलं, तर मुकादमाची उचल फिटायची वाट न बघता 108 ला फोन लावायचा.